मुरमावर वेगाने धावायचं तर टायर कोणता? आधी जमीन बघा, मग टायरचा गाल, नक्षी शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: गाडी जुनी स्विफ्ट, पुढच्या चाकांवर ओढ, टायर १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, गालाची उंची रुंदीच्या ६५ टक्के, डिस्क १५ इंची; डिस्क म्हणजे टायर बसतो ती रिम). सिन्नरच्या बाजूला एका माळरानावर, मालकाच्या परवानगीने, दोन किलोमीटरचा कच्चा फेरा आखला आहे. तिथे हात बसवून पुढे डर्ट ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या आखीव फेऱ्यावर वेळ लावून होणाऱ्या स्पर्धेत, उतरायचं आहे आणि वळणात गाडी मागून सरकवायला शिकायचं आहे. दुकानदार म्हणतो रुंद टायर टाका. थारवाले मित्र म्हणतात मड टेरेन, म्हणजे चिखलाचे टायर, घ्या आणि हवा १८ (पीएसआय) करा. कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही ऐकू नका. दुकानदार डांबराचा विचार करतो आहे आणि मित्र दगडातून रांगत जाण्याचा. तुमचं काम या दोन्हींपेक्षा वेगळं आहे: खाली कडक जमीन, वर सैल मुरूम, मधूनमधून उघडा पडलेला दगड आणि ताशी ५० ते ८० किलोमीटरचा वेग. यात टायर घसरल्याने जेवढं नुकसान होतं, त्याहून कितीतरी जास्त तो फुटल्याने किंवा डिस्कवरून निघाल्याने होतं. त्यामुळे पहिला प्रश्न पकडीचा नाही, टायर शेवटच्या फेरीपर्यंत शाबूत राहतो का, हा आहे.

सुरुवात जमिनीपासून करा. नाशिक जिल्ह्यात वीस-तीस किलोमीटरवर माती बदलते. निफाड, दिंडोरीच्या सखल भागात खोल काळी माती. सिन्नर, चांदवडकडे हलकी, मुरमाड, दगड वर आलेली जमीन. इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडे तांबूस माती आणि धो धो पाऊस. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो, तर सिन्नर पर्जन्यछायेत. एकाच गाडीचा एकच टायर या तिन्ही ठिकाणी सारखा चालेल, ही अपेक्षाच सोडून द्या.

फेऱ्यावर गाडी घालण्याआधी पायी चाला आणि सोबत एक लांब स्क्रू ड्रायव्हर ठेवा. प्रत्येक वळणाच्या तोंडाशी, मध्यावर आणि बाहेर पडताना तो जमिनीत खुपसा. एक-दोन सेंटीमीटरवर टक्कन अडला, तर वर पातळ सैल थर आणि खाली घट्ट तळ आहे. टायरने तो थर बाजूला सारून तळ गाठला पाहिजे. चार-पाच सेंटीमीटर सहज आत गेला, तर तिथे फुफाटा आहे. चाक रुतेल आणि वळणात डिस्कची कड खाली ओढली जाईल. टाच घासून बघितलं की आणखी एक गोष्ट कळते. गोल बारीक खडे गोळ्यांसारखे फिरत असतील तर ब्रेक लांबतील. मुरूम दाबून एकजीव बसला असेल आणि टाचेने फक्त पांढुरकी रेघ उमटत असेल, तर तिथे जवळपास डांबरासारखीच पकड मिळेल आणि टायरही डांबरावर झिजतो तसा झिजेल. हे सगळं वहीत टिपून ठेवा. टायरचं माप, हवा, नक्षी या नोंदींवरूनच ठरणार आहे.

आता रुंदीचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. तुमच्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर चालकासह साधारण २८० किलो भार येतो. हवा ३० असेल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला अंदाजे २.१ किलो, तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने १३० चौरस सेंटीमीटर निघतो. टायर रुंद केला म्हणून हा आकडा फारसा बदलत नाही, बदलतो तो आकार. १६५ च्या टायरचा ठसा अरुंद आणि लांब पडतो, २०५ चा रुंद आणि आखूड. सैल मुरमावर रुंद ठशासमोर मुरूम साचतो आणि टायर त्याच्यावर चढून तरंगतो. अरुंद टायर तोच मुरूम कापत जातो आणि त्याचे ठोकळे एकामागून एक तळाला टेकतात. जागतिक रॅलीत खडीच्या रस्त्यांना २०५/६५ आर १५ आणि डांबराला २३५/४० आर १८ हे माप आहे. तीनशेच्या पुढे अश्वशक्ती असलेली, चारही चाकं ओढणारी गाडी खडीवर २०५ वर धावते, मग ९०० किलोच्या गाडीला त्याच खडीवर १९५ किंवा २०५ ची गरज नाही. रुंदी उपयोगी पडते ती वाळूत, जिथे खाली तळच नसतो आणि तरंगणं हेच काम असतं. सिन्नरच्या माळावर तशी वाळू नाही.

रुंद टायरचं दुसरं दुखणं जागेचं. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास, २०५/६५ आर १५ चा ६४७. म्हणजे २६ मिलिमीटर वाढ. स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं आणि सस्पेंशन दाबलेलं असताना हा टायर चाकावरच्या प्लॅस्टिक अस्तराला घासण्याची भीती असते. शिवाय गिअर चार टक्क्यांनी लांबतात. कमी ताकदीच्या गाडीत वळणातून बाहेर पडताना ते ताबडतोब जाणवतं.

तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. याच गाडीच्या खालच्या मॉडेलला १४ इंची लोखंडी डिस्क आणि १६५/८० आर १४ टायर येतो. त्याचा व्यास ६१९ ते ६२० मिलिमीटर, म्हणजे तुमच्या सध्याच्या टायरएवढाच. स्पीडोमीटर आणि गिअर जिथल्या तिथे राहतात. मात्र टायरचा गाल, म्हणजे डिस्कच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची, १२० वरून १३२ मिलिमीटर होते. दगडावर आदळताना हे १२ मिलिमीटर डिस्क वाचवतात. हे माप टॅक्सीला चालतं, त्यामुळे कुठल्याही दुकानात मिळतं आणि फाटला तर हळहळ वाटत नाही. लोड इंडेक्स ८५ म्हणजे एका चाकाला ५१५ किलो. या गाडीला पुरून उरतो. सेकंडहँड लोखंडी डिस्क सहा घ्या, चार नको. विकत घेण्याआधी प्रत्येक डिस्क सपाट फरशीवर ठेवून आणि बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवून बघा. कडा लवलेली असेल तर ठोकून सरळ करता येते, पण नटांच्या भोकाजवळ तडा दिसला तर ती भंगारातच टाका. सरावाला अलॉय नको असं मी आग्रहाने सांगेन. लोखंड वाकतं, तरी हवा धरून ठेवतं. साधं अलॉय कडेला तडकतं आणि हवा एका क्षणात जाते. स्पर्धेसाठीचे जाड अलॉय असतात, ते वेगळे. गाडीसोबत आलेले नव्हेत.

गालाकडे एवढं लक्ष का, हे नीट समजून घ्या. आपला दगड बेसॉल्ट, काळा पाषाण. तो नदीतल्या गोट्यासारखा गोल झिजत नाही, फुटला की धारदार कपची निघते. वेगात चाक अशा दगडावर गेलं की टायर दबतो, दगड आणि डिस्कची कड यांच्यात रबर चिमटलं जातं आणि आतले धागे तुटतात. बाहेरून बघितलं तर समोरासमोर दोन आडवे काप दिसतात, एक जमिनीकडच्या बाजूला, दुसरा डिस्कजवळ. याला दुरुस्ती नाही. गालावर पंक्चरची स्ट्रिप मारून कुणी देत असेल तरी घेऊ नका. तिथे रबर सतत वाकत असतं आणि स्ट्रिप केव्हा उडेल याचा नेम नाही. कधी काप पडत नाही, फक्त धागे तुटतात आणि गालावर लिंबाएवढा फुगा येतो. तो टायर त्याच दिवशी बाद समजा.

साध्या टायरचा गाल बहुधा धाग्यांच्या एका पदराचा असतो. टायरवरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ट्रेडखाली (जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाखाली) पॉलिस्टर किती, स्टील किती, नायलॉन किती आणि गालात किती पदर. दुकानात उभं राहून ती ओळ वाचा. गालात दोन पदर असलेला टायर खडबडीत जागेसाठी लगेच उजवा. एक्सएल लिहिलेलं असेल तर तो जास्त हवा आणि जास्त भार सोसतो, पण गाल कापण्यापासून वाचेलच असं नाही. रॅलीच्या ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या, टायरची खरी किंमत नक्षीत नसते, ती या गालात असते. बोटांनी दाबून बघा, साध्या टायरचा गाल दबतो, याचा लाकडासारखा लागतो. ते टायर दुकानाच्या फळीवर नसतात, मागवावे लागतात. भारतात एमआरएफ ते बनवते आणि ते चांगले आहेत. २०२२ चं युरोपियन रॅली अजिंक्यपद एफ्रेन यारेनाने एमआरएफच्या टायरवरच जिंकलं.

पहिल्या हंगामात मात्र रॅली टायर नको. कारण पैशाचं नाही, शिकण्याचं आहे. त्यांची पकड इतकी असते की सरकणं फार वरच्या वेगाला सुरू होतं आणि नवशिक्याच्या हातून चूक होते ती त्याच वेगाला. टॅक्सीचा टायर ४०-४५ लाच सरकायला लागतो. तिथे चुकलं तर गाडी बहुधा गोल फिरून थांबते, सहसा उलटत नाही. हात बसला आणि ऑटोक्रॉसची तारीख जवळ आली की मग रॅली टायर घ्या, आणि स्पर्धेआधी त्यांच्यावर किमान दोन दिवस सराव करा. त्या आधी स्पर्धेच्या नियमपत्रिकेत टायरचा रकाना वाचा. प्रत्येक वर्गाचे नियम वेगळे, काही वर्गांत साधेच टायर लागतात.

वापरलेले रॅली टायर स्वस्तात मिळतात तेव्हा मोह होतो. घ्यायला हरकत नाही, पण टायर डिस्कवरून उतरवून, आतून बघून. हातात जुनं सुती फडकं घेऊन आतल्या बाजूने पूर्ण गोल फिरवा. तार वर आली असेल तर फडकं अडकतं. दोन्ही हातांनी गाल बाहेरून आत ढकला आणि आतल्या अस्तरावर रेघ किंवा सुरकुती उमटते का पाहा. उमटली तर तिथे एकदा चिमटा बसून गेला आहे. डिस्कला बसणारी कड बोटाने चाचपा, मशिनच्या लोखंडी पट्टीने ती कधी कधी फाटलेली असते. मग चार आकडी तारीख: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. साधारण तीन वर्षांपुढचा स्पर्धेचा टायर नक्षी भरपूर असली तरी सोडून द्या. रबर कडक झालेलं असतं आणि कडक रबर मुरमावर काचेसारखं फिरतं. अंगठ्याचं नख ठोकळ्यात रोवून बघा. नवीन मऊ टायरवर खूण उमटते, जुन्यावर नख नुसतं घसरतं.

आता नक्षी. डांबराच्या टायरला मधोमध सलग पट्ट्या असतात, मुरमावर त्या पट्ट्या काही कापत नाहीत. हवे असतात सुटे ठोकळे, ज्यांना आडव्या धारदार कडा आहेत. पण ठोकळ्यांमधली दरी किती हवी, हे पुन्हा जमिनीवर अवलंबून. घट्ट मुरमावर ठोकळे मोठे आणि जवळजवळ हवेत, कारण सुटे उंच ठोकळे वाकतात, स्टेअरिंग वळवल्यावर गाडी अर्धा क्षण थांबून मग वळते, आणि उन्हात तापून ठोकळ्यांचे टवके उडतात. मड टेरेनची अडचण नेमकी हीच आहे. त्याचे खोल, विरळ ठोकळे चिखलासाठी आहेत. तुमच्या हलक्या गाडीवर ते जड पडतात, ब्रेक आणि ओढ दोन्ही मंदावतात. ऑल टेरेन त्या मानाने बरे, पण छोट्या गाडीच्या मापात ते फार थोडे मिळतात आणि बरेचदा नक्षी तेवढी रांगडी, आत गाल एकपदरीच. तेव्हा एटी हे दोन अक्षरी नाव बघून पैसे मोजू नका, गालावरची ओळ वाचून मोजा.

सरकवण्यासाठी नक्षीत बघायची जागा म्हणजे खांदा, ट्रेड जिथे गालाकडे वळतो ती कड. गाडी आडवी चालली की चाक पुढच्या कडेने नाही, बाजूने मुरूम कापतं. खांद्याचे ठोकळे जाड, चौकोनी कडांचे आणि एकमेकांना आधार देणारे असतील तर सरकणं एकसारखं राहतं. खांदा गोल असेल तर मुरूम कापायला कडच मिळत नाही.

आडव्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला मुरमाचा ढीग साचत जातो आणि तोच ढीग गाडीला अडवतो. म्हणून मुरमावर टायर सर्वात जास्त बाजूची ओढ देतो तो बऱ्यापैकी आडवा झाल्यावर. डांबरावर हा कोन, म्हणजे चाकाची दिशा आणि गाडी जाते ती दिशा यांतला, साधारण ६ ते १० अंशांचा. त्याच्या पुढे गेलं की ओढ कमी होते. डांबरावर सरकवलेली गाडी हळू होते आणि मुरमावर सरकवलेली त्याच वळणातून जोरात निघते, त्याचं कारण हे. ब्रेकचंही तसंच. सैल खडीवर अडकलेलं चाक पुढे ढीग करतं आणि गाडी लवकर थांबते. एबीएस चाक अडकू देत नाही, म्हणून थांबायला जास्त अंतर लागतं. गाडीत एबीएस असेल तर ब्रेकची खूण दहा-पंधरा मीटर अलीकडे धरा. एबीएसचा फ्यूज काढून ठेवायचा आणि तसंच महामार्गावरून घरी यायचं, असं कधीही करू नका.

गाडी मागून सरकवायची तर पुढे आणि मागे सारखी पकड नको, पुढे जास्त हवी. पुढच्या चाकांवर ओढ असलेल्या गाडीत पुढचे टायरच ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही उचलतात, म्हणून जास्त नक्षीचे दोन टायर पुढे. मागे त्याच मापाचे, त्याच बनावटीचे, पण अर्धे झिजलेले. फरक नक्षीचाच ठेवा. मागे एक कंपनी, पुढे दुसरी असं करू नका, सरकणं कधी सुरू होईल याचा अंदाज लागत नाही. आणि मागे गोटा झालेले टायर लावायचे नाहीत. कायद्याने डांबरावर ट्रेड किमान १.६ मिलिमीटर लागतो, पण मुरमाच्या कामाला ४ मिलिमीटरच्या खाली टायर संपलाच. ठोकळ्यांना कडाच उरत नाहीत. घरी जाताना हिशेब नेमका उलटा: ओल्या डांबरावर मागे कमी पकड असलेली गाडी वळणात गर्रकन फिरते. पावसाची चिन्हं असतील तर निघण्याआधी चांगले दोन टायर मागे घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

हवा. १८ चा सल्ला देणारे मित्र चुकीचं सांगत नाहीत, ते वेगळ्या खेळाचं सांगत आहेत. थारचा २४५/७५ आर १६ किंवा २५५/६५ आर १८ टायर जाड गालाचा असतो आणि दगडातून ताशी ५ ते १० ने जाताना १८-२० हवेवर तो दगडाला लपेटून पकड घेतो. त्याच हवेवर तीच थार मुरमावर ६० ने वळवली तर टायर डिस्कच्या कडेवरून सुटतो, आणि उंच गाडी एका बाजूला डिस्कवर बसली की उलटायला वेळ लागत नाही. वेगासाठी हवा उतरवायची नसते. साध्या टायरवर, दगड असलेल्या जागी, मी उलट कंपनीच्या आकड्यापेक्षा दोन-तीन जास्तच सांगेन: थंड टायरमध्ये पुढे ३२, मागे ३४. पकड थोडी कमी मिळते, पण चिमटा वाचतो. दुपदरी कडक गालाच्या रॅली टायरवर मात्र २६ ते २८ पर्यंत खाली येता येतं, कारण तिथे वजन हवेसोबत गालही पेलतो.

मागे दोन हवा जास्त ठेवली ती मुद्दाम. मागचा ठसा जरा आखडतो आणि वळणात एक्सलरेटर सोडताच मागचं अंग हलकं होऊन सरकायला लागतं. गाडी सरळच पुढे ढकलत असेल तर मागे आणखी दोन वाढवा; हात लावायच्या आत फिरत असेल तर मागची दोन कमी करा. एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर किमान तीन फेऱ्या. पुढे-मागे एकदम बदलून कशामुळे काय झालं हे कळत नाही.

मोजायला स्वतःचा गेज घ्या आणि प्रत्येक वेळी तोच वापरा. पेट्रोल पंपावरचा आकडा दोन-तीनने इकडेतिकडे असतो आणि इथे दोन-तीनचाच खेळ आहे. गाडी सावलीत किमान दोन तास उभी राहिल्यावर मोजलेली ती थंड हवा. थंडीत निफाड-सिन्नरकडे पहाटे पारा बराच खाली असतो आणि दुपारी तिशी गाठतो. दर पाच-सहा अंशांना हवा साधारण एकने वाढते. पहाटे भरलेली ३२ दुपारी उभ्या गाडीतही ३५ दाखवेल. एका बाजूला ऊन असेल तर त्या बाजूचे दोन टायर वेगळे आकडे देतात, ते बघून गोंधळू नका. फेऱ्या मारून लगेच मोजल्यावर हवा थंडपेक्षा तीन-चारने वाढलेली असावी. सहा-सातने वाढली तर टायर जास्त वाकतो आहे आणि तापतो आहे, म्हणजे सुरुवातीची हवा कमी होती. आकडा वाढलाय म्हणून तिथेच हवा सोडणारे लोक पुढच्या वेळी थंड टायरवर अजून कमी हवेने निघतात आणि मग टायर फाटतो.

एक खडू खिशात ठेवा. हवा भरल्यावर प्रत्येक चाकावर डिस्कपासून टायरच्या गालापर्यंत एक सलग आडवी रेघ ओढा. पाच फेऱ्यांनंतर खाली उतरून बघा. रेघ अजून सरळ असेल तर टायर डिस्कला घट्ट धरून आहे. डिस्कवरचा तुकडा आणि गालावरचा तुकडा यांत बोटभर अंतर पडलं असेल, तर ओढीने किंवा ब्रेकने टायर डिस्कवर फिरतो आहे. याची दोन कारणं: हवा कमी, किंवा टायर बसवताना लावलेलं साबणपाणी वाळलेलं नाही. म्हणून टायर आदल्या दिवशी बसवून घ्यावेत, त्याच सकाळी नाही. गालावर आणखी एक आडवी खूण करा, ट्रेडच्या कडेपासून खाली दोन सेंटीमीटरपर्यंत. फेऱ्यांनंतर ती किती पुसली गेली यावरून टायर वळणात किती लोळतो ते दिसतं. पूर्ण पुसली तर गाल जमिनीला घासतो आहे, हवा दोनने वाढवा. खांद्यापर्यंतही पुसली गेली नाही, तर जास्त हवा भरली आहे.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकून घेण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. टाकू नका. टायर आतून ट्यूबला घासतो, ट्यूब तापते, आणि चिमटा बसला की हवा एका झटक्यात जाते. आतमध्ये ओतायचं सीलंटही गालाच्या कापाला निरुपयोगी आहे आणि चाकाचं बॅलन्स बिघडवतं. ट्रेडमधल्या खिळ्याला साधी स्ट्रिप पुरते.

जिथे गोष्टी बिघडतात त्या बहुतेक टायरच्या आसपासच्या असतात. चाकाचे नट ढिले होतात, कारण डिस्कवरचा रंग आणि त्यात अडकलेली माती दाबली जाते. डिस्क बसवण्याआधी हबचा सपाट भाग तारेच्या ब्रशने साफ करा, नट समोरासमोरचे घ्या, छोट्या गाडीत ते ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत आहे. पहिल्या दहा-बारा किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. डिस्कच्या आतल्या बाजूला ओला गारा चिकटून वाळला की ताशी ७० ला स्टेअरिंग थरथरतं. लोक अलाइनमेंटला धावतात, खरं तर खुरपं आणि पाणी पुरतं. खडा ब्रेकच्या पत्र्यात अडकून किर्र आवाज करतो, गाडी थोडी मागे घेतली की बहुधा पडतो. न पडला तर चाक काढा. मडफ्लॅप लावाच, मागून येणाऱ्याची काच आणि तुमचा स्वतःचा पत्रा दोन्ही वाचतात. सोबत दोन स्टेपन्या ठेवा आणि जॅकखाली घालायला एक फूट चौरस जाड प्लायचा तुकडा, नाहीतर मुरमात जॅकच खाली जाईल आणि गाडी वर येणार नाही.

ओल्या काळ्या मातीबद्दल एकच सांगायचं: पावसात तिच्यावर जाऊ नका. ती पाण्याने फुगते, ठोकळ्यांतली दरी दोन वेढ्यांत भरते आणि कुठलाही टायर गोटा होतो. शिवाय पाणंदीत पडलेली चाकोरी वाळल्यावर दगडासारखी होते आणि द्राक्षांचा ट्रॅक्टर त्यातून महिनाभर नेणाऱ्या शेतकऱ्याला त्रास होतो. आणि सरकवणं फक्त बंदिस्त, परवानगीच्या जागेवर. सार्वजनिक रस्त्यावर ते मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे धोकादायक चालवणं आहे, कलम १८४. स्पर्धा निवडताना एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संस्थेची) परवानगी असलेली निवडा, तिथे हेल्मेट, तपासणी आणि वैद्यकीय पथक असतं.

फेऱ्या संपल्यावर टायर उतरवण्याआधी ठोकळ्यांच्या कडांवरून दोन्ही दिशांना हात फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून टोचणारी कड लागली तर ओढीने पुढची धार गोल झाली आहे. नक्षीला दिशा नसेल, गालावर बाण नसेल, तर पुढचे दोन टायर डावा-उजवा बदला. झिजलेली धार मागे जाते आणि टोचणारी पुढे येते, त्याच टायरचे आणखी दहा-पंधरा फेरे निघतात. निघताना कंपनीने सांगितलेला हवेचा आकडा पुन्हा भरा, ठोकळ्यांत अडकलेले खडे स्क्रू ड्रायव्हरने काढा, आणि डांबरावर आल्यावर पहिले दोन किलोमीटर ब्रेक हलका ठेवा. टायरवर अजून मुरमाची भुकटी असते आणि ती झडेपर्यंत गाडी थांबायला वेळ घेते.